आमच्या साडूंचे अकरा हार्ट अटॅक

आमच्या साडूंना जितके हार्ट अटॅक आले तितके अख्ख्या डहाणू तालुक्यात कोणाला आले नसतील. त्यांच्या मोजणीने अकरा. डॉक्टरांच्या मोजणीने एकही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कैनाडजवळ त्यांची चिकूची वाडी आहे, आणि मी तलासरीला मास्तर. पहिला अटॅक त्यांना स्वतःच्या लग्नात, अंतरपाट दूर झाल्याबरोबर आला, असं ताई सांगते. फेट्याची आणि शेरवानीची गळ्याशी झालेली झटापट होती ती. नववा अटॅक तर शर्टाच्या खिशातला मोबाइल थरथरला म्हणून आला. "फडफडतंय! हृदय फडफडतंय!" असं ओरडत ते ओटीवर आडवे झाले. ताईने खिशातून फोन काढला आणि "हॅलो" म्हणाली.

त्यांच्या घरी गेलं की लग्नाचा अल्बम दाखवत नाहीत, ईसीजीचा दाखवतात. प्लास्टिकच्या पाकिटात एकेक कागद ओळीने लावलेला. "हा चौथा. बघा, काय डौल आहे रेघेला!" नातेवाइकांची घरं ते ईसीजीच्या मशीनपासूनच्या अंतराने ओळखतात. माझ्याकडे तलासरीला ते जेवायला येतात, राहायला कधीच नाही. लेकीसाठी आलेलं एक सोन्यासारखं स्थळ त्यांनी परत पाठवलं. मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, पण घर असं आत, की रेल्वेचं फाटक बंद मिळालं तर दवाखाना पाऊण तासावर. कोणाच्या मयताला गेले, की घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारणार, "घाम आला होता का?" दर शुक्रवारी वाडीतल्या कामकरणींना ते सराव करायला लावत. एकीने चिकूच्या झाडाखाली पडायचं, दुसरीने १०८ लावल्याचं नाटक करायचं, तिसरीने लोडावर छाती दाबून दाखवायची. बायका हसून लोटपोट. "शेठ, आज कोणाचा नंबर मरायला?" असं विचारतच त्या यायच्या.

या सगळ्यावर सगळ्यात जास्त हसणारा माणूस मी. त्यांच्या नकला करून मी शाळेची स्टाफरूम डोक्यावर घेत असे.

मग त्यांच्या लेकीचा साखरपुडा ठरला, मशीनपासून बारा मिनिटांवरच्या मुलाशी. कार्यक्रम वाडीतच होता. डिसेंबरातली सकाळ, छान गार हवा. फाफडा-जलेबीच्या दोन बशा रिचवून मी टेम्पोतून खुर्च्या उतरवत होतो. सिनेमात छाती धरून कोसळतात तसं मला काही झालं नाही. चिकूचं भरलेलं खोकं कोणीतरी छातीवर ठेवलंय आणि त्यावर निवांत बसलंय, असं वाटू लागलं. जबडा जड झाला, डावा दंड दुखायला लागला, मळमळू लागलं. मळमळीचा ठपका मी फाफड्यावर ठेवला, दंडाचा खुर्च्यांवर. गार हवेत बनियन ओलं का झालं, याचा विचारच केला नाही.

"यांना सोडा द्या कोणीतरी, गॅस झालाय," बायको म्हणाली. नवऱ्या मुलाचे मामा उंबरगावचे. ते "अजमो खवडावो, अजमो!" म्हणत ओव्याची डबी घेऊन धावले. मी ओवा तोंडात टाकणार, इतक्यात साडू समोर आले.

"मास्तर, खाली बसा."

"अहो काही नाही, गॅस आहे."

"बसा म्हणतो ना."

झाडाला टेकवून, गुडघे दुमडून त्यांनी मला बसवलं. "किती वेळ झाला?"

"वीसेक मिनिटं."

"जबडा?"

जबड्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"अ‍ॅस्पिरिन चालतं ना? अ‍ॅलर्जी, अल्सर, कुठून रक्त जाणं, काही?"

"नाही."

"मग ही गोळी चावा. नुसती गिळू नका, चावून खा."

एकीकडे त्यांनी १०८ ला फोन लावला होता. वाडीचा पत्ता, माझं वय, दुखणं केव्हा सुरू झालं, सगळं एका दमात आणि शांतपणे. मी म्हटलं, कशाला एवढा थाट, स्कूटर काढतो आणि दाखवून येतो.

"स्कूटर? तुम्ही आता मोरीपर्यंतसुद्धा चालत जायचं नाही."

"साडू, तुमचा बारावा माझ्या गळ्यात मारताय होय?"

ते हसले नाहीत. मी पाहिलेल्या प्रत्येक अटॅकात त्यांचा चेहरा घाबरलेलाच होता. आज त्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता, आणि ते पाहून मात्र माझी पाचावर धारण बसली.

गाडी आली. कामकरणींनी खुर्च्या बाजूला करून तिला वाट करून दिली, यावेळी कोणीही न हसता. डहाणूत ईसीजी निघाला आणि तो खरा निघाला. तिथून थेट वापी, एक बंद नळी, एक स्टेंट. तिथले डॉक्टर म्हणाले, "अजून दोन तास ओवा चघळत बसला असतात, तर मी तुम्हाला भेटलोच नसतो."

दुसऱ्या दिवशी ताई भेटायला आली. मी चेष्टेने म्हटलं, "तुमच्या यजमानांना एकदा तरी पेशंट मिळाला." ती पिशवीतली फळं काढत होती. म्हणाली, "यांचे वडील त्याच वाडीत गेले. पोती उतरवत होते. गॅस झालाय म्हणाले. हे तेव्हा कॉलेजात. सायकल मारत जाऊन यांनीच सोडा आणून दिला. सासरे सोडा प्यायले, बरं वाटतंय म्हणाले, आणि जरा पडतो म्हणून आत गेले." मग फळं तिने दोनदा पुसली.

स्टाफरूममध्ये हल्ली नकलांची फर्माईश झाली तर मी वह्या तपासायला घेतो. साडूंना तेव्हापासून एकही अटॅक आलेला नाही. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, म्हणून रविवारी मी डहाणूला जातो आणि आम्ही दोघं किनाऱ्यावर चालतो. दोघं म्हणजे, मी पुढे आणि साडू चार पावलं मागे. मी एकदा म्हटलं, "अहो, बरोबर या की, गप्पा तरी होतील."

"नको," ते म्हणाले. "मागून तुम्ही दिसत राहता."