दहा लाख नऊ

छापखान्यात पावत्यांवर क्रमांक उठवताना मामांनी एक आकडा हेरला होता: १०,००,००९. ही मूळ संख्या आहे, हिला दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. सहा महिने जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, त्यांनी वहीत रोज एक भागाकार केला. पुढची वीस वर्षं हेच सांगून भेटेल त्याचं डोकं उठवलं.

काल भाचीने मोबाइलवर पाहिलं. "मामा, याला २९३ ने भाग जातो की."

"मला अक्कल शिकवू नकोस," म्हणत मामांनी जुनी वही काढली. ३८० मधून २९३ वजा करून त्यांनी ८७ ऐवजी ७७ लिहिले होते.

पानावरची तारीख मामी गेली त्या दिवसाची होती. छातीत दुखतंय म्हणून ती छापखान्याच्या दारात आली होती, आणि मामा म्हणाले होते, "एवढा भागाकार उरकतो, बस जरा." भागाकार उरकला तेव्हा ती बाकावरून उठली नाही.

मामांनी ७७ खोडून ८७ लिहिले. मग वही मिटून म्हणाले, "तुझ्या मामीमुळे घाई झाली त्या दिवशी."