घोरावाडीचा एकोणिसावा भाग

जी गोष्ट दोनशे घरांतल्या मुलांनी एकाच सकाळी डोळ्यांनी पाहिली, ती मुळात कुणी लिहिलीच नव्हती, तर ती घडली म्हणायची की नाही? या प्रश्नाशी बराच काळ झटूनही प्रस्तुत लेखकाला त्याचे उत्तर देता आलेले नाही. घोरावाडीच्या कैलासभाऊंपाशी मात्र उत्तर होते, आणि ते देऊन देऊन ते थकले होते.

कैलासभाऊ एके काळी घोरावाडी स्टेशनाजवळ केबल चालवीत. गच्चीवर डिशची छत्री, खालच्या खोलीत दोन व्हीसीआर आणि विजेच्या खांबांवरून घराघरांत गेलेली काळी वायर, एवढा सारा पसारा. दर रविवारी सकाळी दहाला ते आपल्या वाहिनीवर ‘ध्रुवापार’ लावीत. हिंदीत बोलणारी परदेशी मालिका. एक यान, त्यात सात माणसे, आणि त्यांची कप्तान इरा. कॅसेटी पुण्याहून येत; मालिका संपल्यावर त्या परत गेल्या. १९९६ साली अठराव्या भागात इरा स्फोटात मेली. पुढच्या रविवारी घोरावाडीत ती धडधाकट उभी राहून यानातल्या रोपांना पाणी घालताना दिसली. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तिचा पत्ता नाही, आणि मालिकेत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ती मुले आता चाळिशीला टेकली आहेत. मालिकेचे सुरुवातीचे भाग आज कुठेच मिळत नाहीत. मूळ फिती परदेशातल्या एका गोदामाच्या आगीत गेल्या. त्यामुळे पुराव्याची जागा स्मरणाने घेतली, आणि स्मरणाची जागा हळूहळू सिद्धान्ताने. २०२१ मध्ये मालिकेची नवी आवृत्ती मोबाइलवर आली, तिच्यात काळाचे तीन प्रवाह असल्याचे जाहीर झाले, आणि मावळातल्या चाहत्यांचे जुने भांडण हातघाईवर आले. एक पक्ष म्हणे, दुसरा काळ आपण पंचवीस वर्षांपूर्वीच पाहिला. दुसरा म्हणे, केबलवाल्याने घोळ घातला. पहिल्या पक्षाची म्होरकी होती कोमल, खुद्द कैलासभाऊंची मुलगी.

त्यांचे दुखणे तेवढेच होते. जगाने काय मानायचे ते मानावे. पण त्या दिवशी काय झाले ते कोमलने तरी आपल्या तोंडून ऐकून खरे धरावे, याहून अधिक त्यांना काही नको होते. “आबा, तुम्हाला नीट आठवत नाही,” असे म्हणून ती दर वेळी विषय मिटवी. जणू व्हीसीआरपाशी दुसराच कुणी बसला होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लोणावळ्याला एका वाचनालयाच्या माडीवर चाहत्यांची बैठक भरली. मालिकेतल्या घटनांचा क्रमवार कालपट छापायचे ठरत होते आणि त्याचे संपादन कोमलकडे होते. विरुद्ध पक्षाचा संदेश आंबीच्या कारखान्यात तयार माल तपासतो. त्याने कैलासभाऊंना साक्षीदार म्हणून बोलावले. ते कापडी पिशवी घेऊन आले आणि मागच्या खुर्चीत बसले.

“इराची दोन बोटं पंधराव्या भागात तुटली,” कोमल सांगत होती. “आणि त्या रविवारी दहाच्या दहा शाबूत. म्हणजे तो अपघात जिथे झालाच नाही, असा काळ.”

“नाहीतर पंधराच्या आधीचा भाग,” संदेश म्हणाला. “तू आमच्या कंपनीत असतीस ना, तर सगळे रिजेक्ट पीस दुसऱ्या विश्वातले म्हणून पास केले असतेस.”

हशा पिकला.

“आधीचा भाग असता तर एवढ्या पोरांत एकालाही ओळखू आला नसता? तूही होतास की, पुढचे दात पडलेला!”

 संदेशने मागे वळून पाहिले. “भाऊ, आता तुम्हीच बोला.”

“बारावा लावल्ता,” कैलासभाऊ म्हणाले. “बाराव्याच्या येळंला ट्रान्सफार्मर जळाल्ता. आख्ख्या घोरावाडीला लाइट न्हवती. कुनी बघितलाच न्हवता, तर वळखनार कोन?” त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली. चुरगळलेली फीत बाहेर लोंबत होती. “ही एकोनिसावी. मशीननं खाल्ली.”

 मग तळेगावात संगणक दुरुस्त करणाऱ्या अतुलने कॅसेट उजेडात धरली. “अरे, हिच्यावर दोन लेबलं आहेत. म्हणजे एकोणिसाव्याच्या दोन प्रती होत्या!” भराभर फोटो निघाले. काही मिनिटांत वादाला नवे फाटे फुटले. चहा आला, कैलासभाऊंनी तो निमूट घेतला.

“आबा,” कोमल म्हणाली, “कॅसेट बिघडली की तुम्ही पिक्चर लावायचात. प्रत्येक वेळी. मग त्याच दिवशी जुना भाग कशाला लावाल?”

कैलासभाऊंनी कॅसेट मागून घेऊन पिशवीत ठेवली.

परतताना दोघे लोणावळा स्टेशनच्या बाकावर बसले. पुण्याच्या गाडीला अवकाश होता.

“तुला टायफाइड झाल्ता,” ते म्हणाले. “इरा मेली आन् तू तोंड मिटलंस. तुजी आय पेज घिऊन बसायची, तू भितीकडं तोंड करायचीस. आठ दिस. मंग म्या समद्या कॅसेटी हुडकल्या. जिच्यात ती लय येळ दिसती, ती लावली.”

कोमल म्हणाली, “त्या दिवशी मी दोन वाट्या पेज प्यायले.”

“अडीच.”

“मग हे इतकी वर्षं का नाही सांगितलंत? बारावा लावला, बारावा लावला, एवढंच म्हणत राहिलात.”

“कशापायी लावला, त्ये आजच्या आधी कुनी इचारलंय कवा? तुमी आपलं कोनता काळ, कोनता काळ.”

ती रुळांकडे पाहत राहिली. तिने आपले ऐकले, हे त्यांना कळले. पण इतकी वर्षे ज्या सुटकेची वाट पाहिली ती काही आली नाही. लेकीच्या हातातली वस्तू आपणच काढून घेतली, असे मात्र वाटले. गाडी लागली तेव्हा पिशवी तिने उचलली. डब्यात दोघे समोरासमोर बसले.

१ मे २०२५ रोजी छापून निघालेल्या कालपटात घोरावाडीच्या एकोणिसाव्या भागापुढे ‘दाखवला गेला नाही, त्या दिवशी बारावा भाग’ एवढीच नोंद आहे, आणि संपादक म्हणून कोमलचे नाव आहे.