दिनूचा शेवट आम्ही आधीच चित्रित केला होता

दिनू गेला त्या सकाळी, मी इस्पितळातून घरी पोहोचायच्या आत, त्याचा हसरा चेहरा सगळ्यांच्या फोनवर पोहोचला होता. पांढरा सदरा, पसरलेले हात, तोंड उन्हाकडे आणि मागे गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड. खाली कुणी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं, कुणी ‘लढवय्या’. आमच्याच बनशंकरीच्या घराच्या गच्चीवरचं ते चित्र, त्याच्या गाण्याच्या व्हिडिओतलं अगदी शेवटचं. ऑटोत बसल्या बसल्या ते मला एकामागून एक येत राहिलं आणि मी फोन मांडीवर पालथा घातला. लोकांना वाटत होतं, दिनू सगळ्यातून तरून निघाला आणि मग कधीतरी, बिचारा, गेला. मला मात्र ठाऊक होतं की व्हिडिओत शेवटी दिसणारं ते दृश्य आम्ही सगळ्यात आधी काढलं होतं.

दिनू माझा धाकटा भाऊ. आमचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कन्नड मुलखातलं, त्यामुळे मी त्याची ताई कधीच नव्हते, अक्का होते. आईच्या मागे त्याला मीच वाढवला म्हटलं तरी चालेल, आणि रागावलेही मीच. तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. बोटं अशी चालायची की नवरदेवाकडचे म्हातारेसुद्धा जेवणाची पंगत सोडून ऐकायला यायचे. कार्यक्रम संपला की वादकांची बैठक बसायची आणि त्या बैठकीतच त्याची दारू सुरू झाली. पुढे ती बैठक सोडून घरी आली, मग सकाळी आली, मग त्याची बायको निघून गेली आणि तो माझ्याकडे वरच्या खोलीत राहायला आला. एकदा त्याला उचलूनच व्यसनमुक्ती केंद्रात न्यावं लागलं. तिथून परतला तो खरोखर सुटून आला. दोन वर्षं घोट घेतला नाही. सकाळी उठून झाडांना पाणी घालायचा, माझ्या उपम्याला नावं ठेवायचा, आणि मला इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम मीठ कमी घालायचे.

त्या दोन वर्षांतच त्याने ते गाणं केलं. दारू सोडण्याचं गाणं, पण त्यात दारूचं नावही नव्हतं, नुसता एक माणूस स्वतःच्या घराचं दार ठोठावत असतो. व्हिडिओ करायला मृण्मयी आली. पुण्याची मुलगी, आठवडाभर आयटीत काम करायची आणि शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन हिंडायची. हुशार, बोलायला गोड आणि कामात झपाटलेली. तिने मला स्वयंपाकघरात बसून सगळं समजावलं. “काकू, अशा व्हिडिओत शब्दांनी काही सांगायचं नसतं. आधी सगळं निळसर, करडं. माणूस भिंतीला चिकटलेला, कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ, म्हणजे बघणाऱ्यालाही श्वास पुरू नये. मग हळूहळू खिडकी येते, पाणी येतं, पिवळा रंग येतो, कॅमेरा लांब जातो. शेवटी तो मोकळ्यावर.”

“आणि मग धावत सुटतो,” मी म्हटलं. “तुमच्या सगळ्या व्हिडिओंत माणूस बरा झाला की धावत का सुटतो गं? आमचा दिनू बरा झाल्यावर भाजी निवडायला लागला.”

दिनू खो खो हसला. “अक्का, भाजी निवडताना कोण बघणार मला?”

धावणं त्यांनी रद्द केलं, एवढं श्रेय माझं. गच्चीवर हात पसरून उभं राहायचं ठरलं. पण रस्त्यावरच्या झाडाला तेव्हा नुसती गुलाबी फुलं होती, पान एक नाही, आणि तो बहर फार तर दोन आठवडे टिकतो. शिवाय आधीच्या, पडत्या काळातल्या दृश्यांसाठी दिनूला दाढी वाढवायची होती आणि बारीक व्हायचं होतं. तेव्हा मृण्मयीने व्यवहाराचा निर्णय घेतला : शेवट आधी काढू, मग मागे मागे जात दाढी वाढेल तसं काढत जाऊ. यात चुकीचं काहीच नव्हतं. या धंद्यात असं रोज करतात म्हणे. फक्त इथे जो माणूस उतरणीवर पाऊल टाकणार होता, तो नट नव्हता, ती उतरण त्याच्या ओळखीची होती... हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, त्याच्याही नाही.

पहिल्या रविवारी तो गच्चीवर हसला. त्यानंतरचे रविवार बघणारे आम्हीच. दुसऱ्या खेपेला तो आरशासमोर बसून, कातरून खुरटी राहिलेली दाढी काढायला वस्तरा उचलतो ते दृश्य. तिसऱ्या खेपेला अंथरुणावर पडून छताकडे बघतो ते. मृण्मयीने त्याच्या खोलीच्या काचांना काळा कागद चिकटवला होता, दिवसाही अंधार दिसावा म्हणून. दर आठवड्याला काढायचा आणि पुन्हा लावायचा त्रास नको म्हणून दिनू म्हणाला, राहू दे. मग तो सोमवार ते शनिवारही त्याच अंधारात राहू लागला. अंघोळ टाळायला लागला, “पुढच्या सीनला केस तेलकट हवेत.” जेवण कमी केलं, “गाल बसायला हवेत.” प्रत्येक गोष्टीला व्हिडिओचं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. झाडांना पाणी मी घालू लागले. एकदा वर जाऊन दिवा लावला तर त्याने डोळ्यांवर हात घेतला आणि जुन्या, मला चांगल्याच ओळखीच्या आवाजात म्हणाला, “बंद कर ना.” हा आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता.

शेवटचा रविवार बाटलीचा. म्हणजे व्हिडिओतलं पहिलं दृश्य. बाटलीत भरायला कोरा चहा मीच केला, फडक्यातून दोनदा गाळला, रंग जुळावा म्हणून थोडं पाणी वाढवलं, आणि थर्मासमध्ये भरून वर पाठवला. मी दारात उभी होते. दिनू जमिनीवर, पाठ भिंतीला. त्याने पेला भरला, बराच वेळ त्याकडे बघितलं आणि प्यायला. प्यायल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी कसं सांगू... सुटका होती, आणि त्या सुटकेची लाजही. कॅमेऱ्यामागे मृण्मयी रडत होती. कुणी ‘कट’ म्हणायलाही धजलं नाही.

पेला विसळायला मी खाली नेला आणि नळाखाली धरण्याआधीच वास आला. वर येऊन थर्मास उचलला, तो जडच्या जड, भरलेला. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

“दिनू, हा चहा नाही.”

“एका टेकपुरती, अक्का. चहाने डोळ्यांत ते येत नव्हतं.”

“आणि आता आलंय ते डोळ्यांतून जाईल का?”

मी त्याच्या कानाखाली वाजवली, पन्नाशीच्या भावाच्या, आणि मग त्याला धरून रडले. बाहेर जाऊन मृण्मयीला लगेच सांगितलं. ती पांढरीफटक पडली, कॅमेरा आवरला, हे दृश्य वापरणार नाही म्हणाली. पण दिनूने तिच्यापुढे हात जोडले. त्याच्या आयुष्यातलं ते एकच काम असं होतं ज्यात त्याला कुणीतरी नीट बघितलं होतं. शेवटी ते दृश्य राहिलं. ‘काय अभिनय आहे!’ असं ज्याच्याबद्दल लोक अजून लिहितात, तेच ते.

व्हिडिओ चार मिनिटांचा. त्यात दिनू अंधारातून उजेडात येतो. आम्ही त्याला उजेडातून अंधारात जाताना पाहिलं होतं, पण आमच्या पाहण्याला कोण विचारतं? गाणं भराभर पसरलं. कॉलेजांतून, अपार्टमेंटच्या संघांतून बोलावणी आली. दिनू पांढरा सदरा घालून जायचा, सोडण्याबद्दल बोलायचा, खरंच चांगलं बोलायचा, आणि परत आला की वरच्या खोलीचं दार आतून लावायचा. बाटल्या मी शोधून ओतून द्यायचे, त्याला त्या नव्याने सापडायच्या. “परत केंद्रात जाऊ या,” मी म्हणायचे. पहिल्यांदा न्यायला जेवढा त्रास पडला नव्हता तेवढा आता पडत होता, कारण केंद्राने त्याचं गच्चीवरचं चित्र मोठं करून बाहेरच्या खोलीत लावलं होतं.

“अक्का, तिथे भिंतीवर मीच आहे,” तो म्हणाला. “माझ्याकडे बघत मी रांगेत बसू?”

एकदा मी त्याला तयार केलंच. ऑटोत घातलं, पिशवीत दोन जोड कपडे. फाटकाशी पोहोचलो आणि ऑटोवाल्याने आरशातून नीट बघून विचारलं, “सर, तुम्ही गाण्यातले ना? माझा मेव्हणा तुमचं बघून इथे आला. आज भाषण आहे का, सर?”

दिनूने माझ्याकडे बघितलं. मग हसून, त्याच गच्चीवरच्या हसण्याने, म्हणाला, “नाही अण्णा, स्वल्प चुकलं. गाडी परत घ्या.”

मी त्याचा हात धरला, ओढला, ओरडले. भर रस्त्यात तमाशा झाला. तो उतरला नाही. घरी येईपर्यंत तो त्या ऑटोवाल्याशी मेव्हण्याची चौकशी करत होता. त्यानंतर त्याला त्या फाटकाशी नेणं मला जमलं नाही. एके दिवशी रक्ताची उलटी झाली आणि मग इस्पितळातून तो घरी आलाच नाही.

शोकसभेत सगळे हृदयविकार म्हणाले. आमचे एक काका, जे दिनूच्या हयातीत ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असं त्याच्या तोंडावर ऐकवायचे, त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची, सुमती.” मृण्मयीही रडत आली होती. व्हिडिओखाली खरं लिहावं, असं मी तिला म्हटलं तर ती घाबरली. “काकू, त्याच्यावर किती जण टेकून उभे आहेत. त्यांचं काय होईल?” तिचं अगदीच चूक होतं असं नाही. मलाही रात्रंदिवस तेच छळत होतं. पण मुठीत काय झाकलं होतं ते मी नळाखाली धुतलं होतं. म्हणून इथे लिहिते : माझा भाऊ दारूने गेला. आणि त्याला परत उपचाराला जाण्याची लाज वाटली, म्हणून दारूला वेळ मिळाला.

हे सगळं मी कदाचित कागदावर आणलं नसतं, जर दोन आठवड्यांपूर्वी लोकेश आला नसता. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा, चाळिशीचा माणूस. आमचा पत्ता त्याने दिनूला पूर्वी भाषणाला बोलावलेल्या एका संघाकडून काढला होता. दिनू गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. तो कन्नडात बोलला, मी मराठीत लिहिते. म्हणाला, व्हिडिओ बघून सोडली होती, वर्ष झालं होतं, आता पुन्हा सुरू झाली. सरांना भेटायचंय, त्यांचं कधी असं झालं का ते विचारायचंय. बोलताना त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

मी त्याला सगळं सांगितलं. चहा, पेला, फाटक, ऑटो, उलटी. काही गाळलं नाही. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा हळूहळू विझत गेला. मृण्मयी ज्याला भीत होती ते माझ्या समोरच्या खुर्चीत घडत होतं.

“म्हणजे सरसुद्धा नाही सुटले,” तो म्हणाला. “मग मी कशाला जाऊ, अक्का?”

शहाण्यासारखं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर रडूच आलं. लोकेश उठला, दाराशी जाऊन चपला घालू लागला. चपलेत पाय जाईना. त्याला असं जाताना बघून मला एकदम संताप आला, त्याचा, दिनूचा, त्या हसऱ्या चित्राचा. मी म्हटलं, “थांब. मी येते बरोबर. तुला उतरायची लाज वाटली तर मी आधी उतरेन.”

त्याने चपला पुरत्या पायात सरकवल्या. मग म्हणाला, “सरी, अक्का,” म्हणजे बरं, चालेल.

फाटकातून मी आधी गेले. बाहेरच्या खोलीत दिनूचं चित्र होतंच, पण मी लोकेशच्या पाठीवर हात ठेवून चालत राहिले. खिडकीपलीकडच्या मुलीने विचारलं, “तुम्ही यांच्या कोण?” मी म्हटलं, “बहीण.” पहिल्यांदाच की परत आलेत, असं तिने विचारलं, आणि लोकेश खाली मान घालून पण ऐकू येईल असं म्हणाला, “परत.” तिने मान हलवली आणि बसायला सांगितलं. एवढंच. जगबुडी झाली नाही, कुणी वळून बघितलं नाही. हे एवढंच दिनूला जमलं नव्हतं, आणि तिथल्या बाकावर बसून मी त्याच्यासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

रविवारी भेटू देतात. गेल्या रविवारी लोकेश बाहेर आला, पण नुसता दरवाज्याकडे बघत होता. या रविवारी तो आत असेल की निघून गेलेला असेल, मला माहीत नाही. मी डबा करून नेणार आहे.