मतदानाची रंगीत तालीम

नेरमधली लोकशाही मी एका सकाळी जवळजवळ बंद पाडली होती. कोणत्याही पक्षाच्या मदतीशिवाय. एकट्यानं!

बऱ्याच वर्षांनी नगर परिषदेची निवडणूक लागली होती. आमच्या गल्लीचा मतदानाचा उत्साह असा, की अर्धी गल्ली "स्वयंपाक आटपून जातो" म्हणते आणि तो स्वयंपाक संध्याकाळपर्यंत काही आटपत नाही. त्यात या वेळी प्रत्येकाला तीन बटणं दाबायची होती. एक नगराध्यक्षासाठी, दोन वॉर्डातल्या सदस्यांसाठी. शेजारच्या शेवंताकाकूंनी हातच टेकले. "तीन-तीन बटनं? मले घरचं मिक्सर लावता येत नाही! मी नाही येत बाप्पा."

माझी माय मात्र निवडणुकीची वाटच पाहून होती. आमच्या दारासमोरची नाली इतकी तुंबलेली, की तिच्यातल्या बेडकांची तिसरी पिढी आमच्या अंगणात लहानाची मोठी झाली (आणि पाहुण्यांपेक्षा शिस्तीत वागली!). माय रोज नालीकडे बोट करून म्हणे, "येऊ दे निवडणूक. पाहून घेते एकेकाले."

मग काय, गल्लीला शिकवायचं मी मनावर घेतलं. मतदानाच्या आदल्या दिवशी अंगणात खोकं मांडलं, त्याला दाराची बेल जोडली, चादरीचा आडोसा केला. नगराध्यक्षपदासाठी झुणका विरुद्ध वांग्याची भाजी. सदस्यपदासाठी ठेचा, पापड, कढी, लोणचं. काय गर्दी उसळली म्हणता! शेवंताकाकूंनी तर बेल इतकी वाजवली, की पलीकडच्या गल्लीतले लोक दारं उघडून उभे राहिले.

इथंच थांबलो असतो, तर आज माझा सत्कार झाला असता. पण मतदान म्हटलं, की बोटाला शाई नको? मी जिनिंगमध्ये कामाला. तिथं कापसाच्या गाठींवर नंबर टाकायची काळी शाई असते. गाठ समुद्र ओलांडून जावो, भिजो, वाळो, नंबर हलत नाही! त्याच शाईची बाटली आणली आणि प्रत्येकाच्या डाव्या तर्जनीवर, नखावरून, अगदी नियमानुसार रेघ ओढली.

"हे जाते ना?" माझ्या बायकोनं, मंदानं, विचारलं.

"उद्या आंघोळीत निघून जाईल!" (हे मी कशाच्या आधारावर बोललो, ते मला आजही ठाऊक नाही.)

दुसऱ्या दिवशी माय ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत पहिली. केंद्रावरच्या मुख्य मॅडम म्हणाल्या, "आजी, डावं बोट दाखवा." मायनं ऐटीत दाखवलं.

"आजी, तुमचं मतदान झालंय."

"कुठी झालं?"

"बोटाला शाई आहे ना!"

"ते घरचं मतदान व्हय, बाई! मी झुणक्याले देल्लं!"

मॅडमनी चष्मा काढला. मागून शेवंताकाकू ओरडल्या, "मी वांग्याले देल्लं!" आणि रांगभर काळी बोटं वर झाली.

सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट खोलीत बसले होते. एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे, पण त्या दिवशी एका सुरात माझं नाव घेऊन म्हणाले, "मॅडम, हे सुधाकरचंच काम व्हय!"

"यादीत खूण नाही, म्हणजे मतदान झालेलं नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण बोट असं असताना मी सोडू शकत नाही. साफ करून या, मी आहे इथं."

माय बाहेर आली. ओरडली नाही. त्यामुळे मी जास्त घाबरलो. "सुधाकर, मायं मत गेलं तं तुले त्या नालीतच नेऊन बसवीन."

मी घरी पळालो. लिंबू, राख, साबण, खोबरेल सगळं घेऊन आलो. शाई आणखी चमकायला लागली! शेवटी गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढलं आणि धावत केंद्राकडे निघालो. फाटकाआधीच पोलिसानं कॉलर धरली.

"पेट्रोल घेऊन मतदान केंद्रावर? कायले?"

"बोटं पुसाले, साहेब!"

"कोनाची?"

"साऱ्या गल्लीची!"

त्यानं दुसरा हातही कॉलरला घातला. तेवढ्यात माय आली. "सोडा त्याले, साहेब. येडं हाय, पन पोरगं मायंच हाय." तिनं काळं बोट पुढं केलं, तेव्हा तो माणूस इतका हसला, की कॉलर आपोआप सुटली. "घरी नेऊन पुसा," म्हणाला, "अन् जवळ कोनी बिडी पेटवू नका!"

मग आमच्या अंगणात रांग लागली. मी पेट्रोलचा बोळा घेऊन बसलो आणि गल्लीनं शिव्या देत बोटं पुढं केली. पण गंमत पाहा, "तुमचं मत घेता येत नाही" हे ऐकल्याबरोबर सगळ्यांना मत द्यायचंच होतं! शेवंताकाकू तर कणीक तशीच टाकून निघाल्या. "मले नाही म्हनते? मायं मत हाय ते!" तालमीला न आलेलेही भांडायला म्हणून गेले आणि मत देऊन आले. मॅडमनी मायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एकाही एजंटानं हरकत घेतली नाही. माय बाहेर येऊन म्हणाली, "तिन्ही दाबले!" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. देवा, त्या सगळ्यांचे उपकार मी फेडू शकत नाही!

सगळ्यात शेवटी मंदानं मला ओढत नेलं. "डावं बोट," मॅडम म्हणाल्या. मी हात पुढं केले. गल्लीभरची शाई पुसून दोन्ही हात कोपरापर्यंत काळे! मॅडम स्वच्छ जागा शोधत राहिल्या. शेवंताकाकू दारातून म्हणाल्या, "त्याच्या नाकाले लावा, मॅडम! म्हंजे पुढच्या खेपेले दुरूनच दिसंन!"

बाहेर गल्लीनं फोटो काढला. सगळ्यांचं एकेक बोट वर. मला मानानं मधोमध उभं केलं. फक्त हात पाठीमागं ठेवायला लावले. तो फोटो आता घरोघरी आहे आणि पाहणारा हटकून विचारतो, "अन् हा मधातला कोन? कायच्यात पकडला याले?"