माहेरची विलायती गाडी

माझ्याकडे एक विलायती स्पोर्ट्‌स कार आहे, हे वाक्य मी पनवेलमध्ये सहसा उच्चारत नाही. ते ऐकलं की समोरचा मला श्रीमंत समजतो आणि गाडी पाहिली की वेडा समजतो. दुसरा समज जास्त टिकतो.

गाडी हिरवी आहे, वयाने माझ्याहून थोडी मोठी, आणि तिला दोनच सीटा आहेत. छत म्हणून एक कापडी हूड आहे. पाऊस सुरू झाल्यावर ते चढवायला घेतलं की पाऊस थांबेपर्यंत चढवून होतं. बसायला ती इतकी खाली आहे की आत बसता येत नाही, पडावं लागतं. उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. उरणच्या बंदरात लोकांचा माल कस्टममधून सोडवण्यात माझा जन्म गेला. दिवसभर कंटेनर पाहिलेल्या माणसाला संध्याकाळी काहीतरी लहान आणि निरुपयोगी पाहावंसं वाटतं, असं कारण मी बायकोला दिलं होतं. ती म्हणाली, आरसा आहे की घरात.

पुण्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही गाडी मला विकली. चावी देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, विरहाचं असेल. घाट उतरताना कळलं की सुटकेचं होतं.

ती जिथे उभी राहते तिथे तेलाचा डाग ठेवते. सोसायटीच्या चेअरमननी मला एकदा 'रात्री निदान तेल तरी बंद करत जा' असं सांगितलं, जसं काही मी नळ उघडा टाकून झोपतो. तिच्या एकाही नटाला आपल्याकडचा पाना लागत नाही, कारण ती अजून इंचातच विचार करते. आमचा गॅरेजवाला दर वेळी बॉनेट उघडतो, थोडा वेळ आदराने बघतो आणि हळूच बंद करतो. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला वरून वाकून विचारतो, "काका, ॲव्हरेज काय देते?" एकदा मी खरं सांगितलं. त्याने सीएनजी बसवून टाका म्हणून सल्ला दिला आणि सिग्नल सुटेपर्यंत माझ्याकडे काळजीने पाहत राहिला. एसटी स्टँडसमोर ती बंद पडली तेव्हा लोकांना वाटलं शूटिंग चाललंय. हिरो कुठे आहे म्हणून एका बाईंनी मलाच विचारलं.

तिचा एकच खरा आजार आहे. इंग्लंडच्या थंडीसाठी बनवलेलं इंजिन. पुढच्या जाळीतून वारा आत जात राहिला तर ते शांत असतं, वारा थांबला की तापमानाची सुई चढायला लागते. म्हणजे चालत राहिली तर ठीक, थांबली की उकळली. ही अट पनवेलच्या रहदारीत कशी पाळायची, हे बनवणाऱ्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तरीही रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना मी तिला घेऊन खाडीच्या बाजूला जातो. चिखलाचा आणि मिठाचा वास येतो, इंजिनचा आवाज भरून येतो, आणि मला आनंद होतो. आमचा बाप मिठागरात राबला, त्याच खाडीकाठी. तिथून मी असला उद्योग करत जातो याची मला गंमतही वाटते. परत येताना बायको गॅलरीत उभी असते. मी चालवत येतोय की दोरीला बांधून, एवढंच तिला पाहायचं असतं.

माझी धाकटी बहीण जासईला दिली आहे. तिच्या लग्नात आमच्याकडून भांडी गेली आणि एक लोखंडी कपाट गेलं. त्या कपाटाचं दार पहिल्या वर्षापासून लागत नाही. सासरच्यांची जमीन पुढे कंटेनर यार्डाला गेली, घराचे तीन मजले झाले, अंगणात ट्रेलर उभे राहिले, पण कपाट तिथेच राहिलं. तिचा थोरला दीर, म्हणजे त्या घराचा कारभारी, ज्याच्या शब्दाबाहेर तिचा नवराही जात नाही, पाहुणा आला की त्याला सगळं घर दाखवतो आणि शेवटी त्या कपाटापाशी आणतो. "ह्यो धाकटे सुनंचे म्हायेरचा," म्हणतो, आणि दार ढकलून दाखवतो. दार परत उघडतं. पाहुणे हसतात. दीर वाईट माणूस नाही. त्याला विनोद एकच येतो आणि तो त्याने आयुष्यभर पुरवला आहे.

मुलाच्या लग्नाची खरेदी करायला बहीण पनवेलला आली होती. पार्किंगमध्ये मी गाडीवरचं कव्हर काढून काहीतरी खुडबुड करत होतो. हातातल्या पिशव्या खाली ठेवून ती बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. गेल्या दहा वर्षांत तिने या गाडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"दादा, माज्या पोराला लग्नान या गाडीन नेशील?"

मी हसलो. ती हसली नाही.

"त्या घरान सगला त्यांचाच हाय," ती म्हणाली. "मांडव त्यांचा, बँजो त्यांचा, पोराला बसवाची मोठी गाडीपन काकाची. माजे म्हायेरचा एक तरी दिसूं दे लोकांना."

गाडी तापते, थांबते, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे सगळं मी तिला सांगायला हवं होतं. मी 'नेतो' म्हणालो. रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बंद पडली तर तुमचं हसं होईल, ते रोजचंच आहे. पण तिचं दुसरं कपाट होईल." त्यानंतर लग्नापर्यंत मला नीट झोप लागली नाही.

लग्नाच्या दिवशी मी निघालो. मागून आमच्या रोजच्या गाडीत बायको, तिच्याबरोबर पाण्याचे कॅन, दोरखंड आणि इंचाचे पाने. रुग्णवाहिका असावी तशी ती मागे मागे. जासईच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रेलर. त्यांच्या चाकांचे नट माझ्या कानाच्या उंचीला, आणि त्यांच्या ड्रायव्हरांना मी दिसतच नव्हतो. एकाने तर माझ्यावरून समोरच्याशी गप्पा मारल्या. पण वारा लागत होता, सुई जागेवर होती, आणि मी चक्क स्वतः चालवत लग्नघरी पोहोचलो. बहीण दारात आली. हातातलं ताट खाली ठेवून तिने गाडीच्या बॉनेटला कुंकू लावलं. भाचा बाहेर आला आणि म्हणाला, "मामा, एसी हाय ना?"

बेत साधा होता. संध्याकाळी नवऱ्याने गावदेवीला जायचं, तिथून वाजतगाजत मांडवात. गावदेवीपर्यंत कुणी नाचत नाही, त्यामुळे ते अंतर सुखरूप पार पडलं. देवळासमोर मात्र लक्षात आलं की नवऱ्याशेजारी करवली लागते, आणि गाडीत जागा दोघांचीच, त्यातला एक मी. एवढ्या दिवसांत हिशेब कुणीच केला नव्हता, मी धरून. शेवटी भाच्याला मागे घडी केलेल्या हूडवर उंच बसवलं आणि भाची माझ्या शेजारी दिवा घेऊन बसली. ड्रोनवाल्या फोटोग्राफरला ते इतकं आवडलं की आधीपासून असंच ठरलं होतं असं सगळे म्हणायला लागले.

मग थोरला दीर हार घेऊन आला. हार म्हणजे झेंडूचा, मांडीएवढा जाड, दुहेरी. ट्रेलरच्या तोंडावर दसऱ्याला बांधतात तसलाच. त्याने तो गाडीच्या पुढच्या जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आवळून बांधला. उरलेली जागा आंब्याच्या पानांनी बुजवली.

"थोडा वर बांधला तर?" मी म्हणालो. "वारा जायला पाहिजे आत."

"सायेब, हार काय छपरावं बांधतात?" तो म्हणाला. "आनी हीला तं छप्परच नाय."

लोक हसले. लग्नाच्या गाडीचा हार उतरवा असं देवीसमोर कोण म्हणणार? त्यातून त्याने तो मनापासून आणला होता. माझ्या गाडीला, म्हणजे बहिणीच्या माहेराला, त्याने पहिल्यांदाच काहीतरी मान दिला होता. हार राहिला. तेवढ्यात त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं, की देवीपासून निघालेल्या नवऱ्याचा पाय मांडवाशिवाय जमिनीला लागायचा नाही आणि मध्येच वाहन बदलायचं नाही. त्यांच्या घरात तसं कधी झालेलं नाही.

बँजो सुरू झाला. दहा पावलं पुढे, मग नाच, मग पुन्हा दहा पावलं. माझा एक पाय क्लचवर आणि डोळा सुईवर होता. सुई एखाद्या शहाण्या पाहुण्यासारखी घाई न करता वर सरकत होती. शाळेच्या वळणापर्यंत झेंडूचा उकडल्यासारखा वास यायला लागला. भाचीने विचारलं, "मामा, काय शिजतंय?" आणि बॉनेटच्या फटीतून वाफेचा लोट उठला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बँजोही थांबला.

गर्दीत बहीण उभी होती, नवीन लुगड्यात, आणि तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती जमिनीकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी मागून कपाटाचं काहीतरी बोललं, आणि दोनचार जण हसले.

मी उतरलो, म्हणजे कुणीतरी मला ओढून काढलं. हार सोडला. आतल्या बाजूची फुलं काळी पडली होती. बॉनेट उघडून ठेवलं, बायकोने कॅन आणले. दिराची मोठी गाडी मागेच होती. दोघातिघांनी नवऱ्याला तिच्यात घ्या म्हणून सुचवलं. तेवढ्यात दिराची म्हातारी आई पुढे आली, म्हणजे बहिणीची सासू. "वाहन बदलाचा नाय," ती म्हणाली. "तूच बोल्लास ना देवीचे म्होरं?" दिराने एकदा मांडवाच्या दिशेने पाहिलं. रस्ता शाळेपासून पुढे चढाचा आहे.

मग त्या घरातल्या पुरुषांनी बाह्या सरसावल्या. पांढरेशुभ्र कडक शर्ट, गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या, आणि सगळ्यांच्या मध्ये थोरला दीर, मागच्या बाजूला दोन्ही हात टेकून. गाडी लहान असली तरी लोखंडाची आहे. मी परत आत पडलो, स्टिअरिंग धरलं, आणि ती हलली. बँजोवाल्यांना काय वाजवावं सुचेना, त्यांनी आपलं मगाचंच परत सुरू केलं. वर भाचा फेटा सावरत बसला होता आणि ड्रोन दिराच्या डोक्यावर घिरट्या घालत होता.

थोड्या वेळाने सुईकडे लक्ष गेलं. ती उतरत होती. हार गेला होता, उघड्या जाळीतून खाडीचा वारा आत शिरत होता. अजून थोडी खाली आली. मला या गाडीचा स्वभाव माहीत आहे. आता ती एका चावीत सुरू झाली असती. लाज वाचली, असं मला वाटलं. मी चावीला हात घातला.

बहीण माझ्या दाराला लागून चालत होती. दार इतकं खाली की तिला वाकावं लागलं. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"झाली गं थंड," मी म्हणालो. "करतो चालू."

"झाली आसंल," ती हळूच म्हणाली. "चालू नको करू."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने मागे पाहिलं. दिराचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, त्याची मान खाली होती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सगळी भावकी तिच्या माहेरच्या गाडीला खांदा लावत होती. गावभर लोक दारात येऊन बघत होते.

"ढकलू दे," ती म्हणाली.

मी चावी काढून तिच्या हातात दिली. मग भाऊ म्हणून अजून जे काही करता येण्यासारखं होतं तेही केलं. मांडवापर्यंत ब्रेकवर अगदी हलकासा पाय ठेवला.