सात नंबरचा जोड

रंगनाथमामा उजव्या हाताने काहीच उचलत नसत. चहाचा कप डाव्या हातात, जेवणाचा डबा डाव्या हातात, खांद्यावरची पिशवीसुद्धा डावीकडेच. मी कंपनीत नवी होते तेव्हा त्यांच्यापुढे एक जाडजूड फाइल धरली, तर त्यांनी डावा हात पुढे केला. मला रागच आला. आमच्या घरात डाव्या हाताने काही घेतलं तर आई अजून डोळे वटारते. "उजवा दुखतो का?" मी जरा खोचकपणेच विचारलं. मामा हसले. "न्हाई ताई. त्यो कंपनीला भाड्यानं देलाय. त्याला दुसरं काम सांगायचं न्हाई."

आमची कंपनी रॉकेटं बनवते. जालन्यात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग दिवाळीला किती वेळ आहे ते विचारतात. माझा सख्खा भाऊसुद्धा त्यातलाच. मुख्य ऑफिस हैदराबादला, पण इंधनाच्या टाक्या इथे, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये बनतात, कारण धातूवर हात बसलेली माणसं इथे मिळतात. मामा वेल्डर, वडीगोद्रीचे. बियाणं साफ करायची यंत्रं आणि दुधाच्या टाक्या जोडण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. निवडीच्या वेळी हैदराबादच्या साहेबांनी त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागितलं. मामांनी ॲल्युमिनियमचे दोन तुकडे मागितले, तिथल्या तिथे जोडले आणि साहेबांपुढे ठेवले. "हे वाचा," म्हणाले. साहेबांनी ते भिंगातून वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून मामा कामावर.

माझं काम तपासणीचं. प्रत्येक वेल्डरला एक नंबर असतो आणि त्याने केलेल्या जोडाशेजारी तो ठोकलेला असतो. मामांचा नंबर सात. जोड बघायचा, एक्स-रे काढून घ्यायचा, कागद भरायचे आणि सही करायची. सात नंबरच्या जोडावर मला कधी काही सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने मी मुद्दाम शोधत होते. वेल्डिंगची टॉर्च पेटली की मामा श्वास रोखत. वीतभर जोड होईस्तोवर शेजारी कुणी खोकललं तरी त्यांना खपत नसे. "लोखंड माफ करतं ताई," ते म्हणत, "ॲल्युमिनियम बिलकुल करत न्हाई. एकदा तापवलं की ते ध्यानात ठेवतं."

आणि तरीही चूक झाली. जालन्याच्या वर्कशॉपांत एक रीत आहे. आपल्या जोडात बारीक छिद्र दिसलं तर दुसऱ्याच्या नजरेस पडायच्या आत वेल्डर त्यावर पुन्हा टॉर्च फिरवतो. याला टच मारणं म्हणतात. त्यात लपवाछपवी नसते, उलट तसं छिद्र ठेवून घरी जाणं म्हणजे बेशरमपणा. पण आमच्याकडे टच म्हणजे दुरुस्ती. त्याचा वेगळा कागद, हैदराबादची परवानगी, नमुन्याची पुन्हा ताकद-चाचणी. का, तर दुसऱ्यांदा तापलेला जोड कमजोर पडू शकतो. मामांना हे दहा वेळा सांगून झालं होतं. पण पंचवीस वर्षांचा हात. एका दुपारी पहिल्या रॉकेटच्या टाकीवर त्यांना टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं आणि त्यांनी टच मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच माझ्या टेबलाशी आले. "ताई, काल चुकलो. हात गेला." मी डोक्याला हात लावला. टाकी चार दिवसांत निघायची होती आणि नियमाने गेलो असतो तर दोन आठवडे मोडले असते. मी आधी त्या जागेचा एक्स-रे काढायला लावला. स्वच्छ. आरशासारखा स्वच्छ. मग मी म्हणाले, "राहू द्या मामा. लिहायला नको."

"न्हाई लिहायचं?"

"नाही."

"बराबर," ते म्हणाले, पण बराच वेळ तिथेच उभे राहिले. मला कामं होती, मी मान खाली घातली.

रॉकेट उडालं त्या सकाळी शेडमध्ये मोठा पडदा लावला होता. मामा मागच्या बाकावर, डोक्यावर टोपी, चेहरा लग्नात पोरीच्या बापाचा असतो तसा. एकेचाळीस सेकंद सगळं ठीक होतं. मग धुराची सरळ रेघ वाकडी झाली, आणि मग रेघच राहिली नाही. पडद्यावरचा इंग्रजी बोलणारा माणूस आधी गप्प झाला, आणि मग काहीतरी धीराचं बोलायला लागला. मी वळून पाहिलं. मामा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

चौकशीला हैदराबादहून चार जण आले. टाकी फुटली असावी असा त्यांचा पहिला अंदाज होता. आम्हा सगळ्यांना एका लांब टेबलाभोवती बसवलं. कुणी काही विचारायच्या आधी मामा उठले आणि म्हणाले, "सर, सात नंबरच्या जोडाला म्या टच मारल्ता. लिहिला न्हाई." मग प्रश्नांचा मारा सुरू झाला. एक्स-रे टचच्या आधीचा की नंतरचा? "नंतरचा." कशावरून? एक्स-रेवर तारीख आहे, तुमच्या टचची तारीख कुठे आहे? अजून किती ठिकाणी असं केलं? "कुठंच न्हाई." त्यावर विश्वास का ठेवायचा? हे दोन दिवस चाललं. शेवटी मोठ्या साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं का?"

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. मामांनी टेबलाकडे बघितलं. "न्हाई सर."

मी तोंड उघडलं नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील. नोकरी नुकतीच कायम झाली होती, घरात मीच कमावती होते, वगैरे. सगळी खरी आहेत आणि एकही कामाचं नाही. मी घाबरले, बस. टच मारला तो दिवस आणि एक्स-रे काढला तो दिवस, हे दोन्ही सांगू शकेल असं त्या खोलीत मामांशिवाय एकच माणूस होतं, आणि ते माणूस वहीत रेघोट्या मारत बसलं होतं.

निकाल लागायचा तोच लागला. मामांना घरी जायला सांगितलं. ज्याचा एक टच लिहिलेला नाही त्याच्या कुठल्याच जोडावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून सात नंबर ठोकलेल्या, पुढच्या रॉकेटांसाठी तयार असलेल्या चार टाक्या भंगारात काढायचं ठरलं. वर्षाचं काम होतं ते. कापायला पोरं आली तेव्हा मामा अजून शेडमध्येच होते. म्हणाले, "सरका. माझ्या हायेत, मीच कापतो." दोन दिवस कापत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. प्रत्येक काप जोडापासून बोटभर अंतर सोडून घेतलेला. जोडाला त्यांनी कुठेच धक्का लावला नव्हता. भंगारवाल्याला त्याचं काय, त्याने सगळं एकाच गाडीत फेकलं.

त्यानंतर मामा वडीगोद्रीला मोसंबीच्या बागेत राहिले, पण कंपनी काही सोडली नाही. दर आठ-दहा दिवसांनी फोन. "ताई, पुढचं कवा उडनार?" कंपनी इंटरनेटवर फोटो टाकायची, ते ताणून ताणून बघायचे. "नव्या टाकीवर कोन हाय? जल्दी करून राह्यला त्यो. हात थरथरलाय, फोटोत दिसतंय." आणि ते बरोबर असायचं. मी ते नव्या पोराला माझं म्हणून सांगायचे. गावात कुणी ट्रॉलीचा हूक जोडायला आणला तर मात्र मामा परत पाठवत. हात बसत नाही म्हणत.

मग अंतिम अहवाल आला. टाकी फुटली नव्हती. दोष एका झडपेत होता, जी आमच्या शेडमध्ये कधी आलीही नव्हती. मी रजा टाकली आणि अंबडमार्गे वडीगोद्रीची बस धरली. वाटभर वाटत होतं, आनंदाची बातमी घेऊन चालले आहे. वेडी कुठली.

मामा बागेत आळं करत होते. वाळले होते. मामींनी अंगणात बाज टाकली आणि मला हळूच म्हणाल्या, "दिसभर फोनात बघून राह्यलेत ओ. जेवन बी न्हाई धड." मी अहवाल वाचून दाखवला. मामांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "ताई, एक विच्यारतो. त्यो एक्स-रे टच मारायच्या आधी काढल्ता का नंतर? मला पयलं पक्कं याद व्हतं. साहेबलोकांनी इतक्या बारी विच्यारलं का आता याद येत न्हाई. रोज सकाळी उठून तेच आठवतो."

"नंतर, मामा. दुसऱ्या दिवशी. मीच काढायला लावला. स्वच्छ होता."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

त्यांनी डोळे मिटले. "मंग चांगला व्हता जोड."

"चांगला होता."

मामी ताक ठेवून गेल्या. मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मंग तवा कामून न्हाई बोलल्या तुमी?"

"घाबरले मामा. नोकरी गेली असती."

"गेली असती," त्यांनी मान हलवली. "माझी बी गेलीच की. नोकऱ्या मिळतेत ताई. पन चार टाक्या वाचल्या असत्या. तशा टाक्या आता माझ्याच्यानं व्हनार न्हाईत."