तीस हजार एकतीस

माझ्या बहिणीची शाळा मी बंद पाडली.

आज सकाळी ती वारली. कुहीला, तिच्या घरी. आता लपवून काय करू?

शेवंताताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी.

सन अठ्ठावन्न. महाल नावाच्या वस्तीतलं आमचं घर, घरात दोन माग. बाबा म्हणायचे, "पोरगी आठवी झाली, लय झालं. आता कांड्यांवर सूत भरू दे."

गणिताचे सर तिला म्हणाले, "तुह्या बाबाशी मी येऊन बोलतो. पण आधी हे करून आण."

३००३१.

दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार, वर एक. प्रश्न एवढाच, ही मूळ संख्या आहे की हिला कोणी निःशेष भागतं?

तसेच छोटे आकडे ताईनं करून पाहिले होते. सात, एकतीस, दोनशे अकरा. सगळे मूळ निघाले.

"हाही तसाच असन. पण भागून पाहाच लागन."

एकशे त्र्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. तीन आकडी तिच्याकडे, दोन आकडी माझ्याकडे. दहा वर्षांच्या पोरीवर केवढा तो भरवसा!

त्रेपन्नपर्यंत मी इमानदारीनं केलं.

मग अंगणात मैत्रिणी सागरगोटे खेळायला बसल्या. उरलेल्या नऊ बाक्या मी मनानंच ठोकल्या. एकोणसाठसमोर लिहिलं, बारा.

"सगळे झाले ना वं, कुसे?"

"हो."

तिनं सगळं एका कागदावर नीट उतरवलं. खाली लिहिलं, मूळ संख्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात फळ्यावर एकोणसाठनं भागलं. पूर्ण भाग गेला.

"न करताच बाकी लिहिली? तुह्यासाठी कोणत्या तोंडानं बोलू मी?"

ते आमच्या घरी आलेच नाहीत.

ताईनं माझं नाव घेतलं नाही. घरी येऊन फक्त विचारलं, "एकोणसाठ तू केलं होतं ना वं?"

मी परत म्हटलं, "हो."

"मंग माह्याच हातून उतरवताना चुकलं असन."

तेव्हापासून ती कांड्या भरायला बसली. दोन वर्षांनी लग्न.

जाताना बाबांना सांगून गेली, "कुसीचं डोकं चांगलं हाय. तिले शिकवा."

आणि मी झाले काय? गणिताची मास्तरीण! तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल पेनानं लिहिलं, 'पायऱ्या दाखवा'. लाज नाही वाटली मला.

दर दिवाळीला ठरवायचे, या वेळी सांगीन. फोनवर ती विचारायची, "काहून वं, गप्प काहून झाली?" मी म्हणायचे, नेटवर्क नाही.

आज कुहीला येताना गाडीत औषधाच्या चिठ्ठीमागे पहिल्यांदा एकोणसाठनं भागून पाहिलं. पाच, शून्य, नऊ. बाकी काही उरली नाही.

अर्धं मिनिट लागलं, ताई.

तुझं उतरवताना चुकलं नव्हतं. मी भागलंच नव्हतं.

मोठमोठे शब्द लिहायला मला तोंड नाही. नीट जा.

तुझी कुसी